पडदा, प्रश्न आणि घरातील संवाद

चित्रवाणी आपल्या घरात करमणुकीसाठी आली, असा सर्वसाधारण समज आहे. इतिहास काहीसा निराळा आहे. भारतात १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्ली येथे चित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले आणि अवघ्या दोन वर्षांनी, १९६१ मध्ये, त्याच केंद्रावरून शाळांसाठी नियमित पाठ दाखविले जाऊ लागले. मालिका, जाहिराती आणि चोवीस तासांच्या वाहिन्या हे सारे पुष्कळ नंतरचे. या पडद्याकडून आपल्या देशाने ज्या पहिल्या अपेक्षा केल्या, त्यांत मुलांना शिकविणे ही एक होती.

ही गोष्ट आज आठवण्याचे कारण असे की, मुले आणि पडदा हा विषय निघाला म्हणजे आपल्या धर्मग्रामांतील पालक बहुधा दोनच सूर लावतात. कोणी म्हणतात, ही पेटी घरातून हद्दपार केली पाहिजे. कोणी म्हणतात, काळच असा आला आहे, आपण काय करणार? पहिल्या सुरात धाक आहे, दुसऱ्यात हतबलता आहे. विचार दोहोंतही नाही. महाराष्ट्राने मुलांसाठी शैक्षणिक चित्रवाणीचा जो उद्योग केला, तो कसा उभा राहिला, कशाने फळला आणि कशाने ओसरला, हे नीट पाहिले तर तिसरी वाट दिसू लागते. तिचा मागोवा घेण्याचा आम्ही येथे प्रयत्न करीत आहोत.

पाळ्यांचे गाव

हा प्रश्न तळवड्यासारख्या ठिकाणी विशेष टोकदार होतो. इंद्रायणीच्या काठचे, देहूच्या शेजारचे हे एके काळी निव्वळ शेतकऱ्यांचे गाव. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, साठीच्या दशकात आकुर्डी, पिंपरी आणि चिंचवड येथे मोठे कारखाने आले, १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिका अस्तित्वात आली आणि १९९७ मध्ये तळवडे तिच्या हद्दीत गेले. पलीकडे चाकणचा पट्टा वाढला. उसाच्या आणि भाजीपाल्याच्या रानात लघुउद्योगांच्या शेड उभ्या राहिल्या, संगणक उद्यान आले, भाड्याच्या खोल्यांच्या चाळी आणि इमारती आल्या. अहिल्यानगर जिल्ह्यातून, मराठवाड्यातून, वसईतून, गोव्यातून आणि दक्षिणेकडून आलेली कॅथलिक कुटुंबे या साऱ्या परिसरात विखुरलेली आहेत.

या गावाचे घड्याळ सूर्यावर चालत नाही, पाळीवर चालते. वडील दुसऱ्या पाळीला निघतात तेव्हा मूल शाळेत असते आणि ते परततात तेव्हा मूल झोपलेले असते. रात्रपाळीच्या आठवड्यात तर ‘बाबा झोपलेत, आवाज करू नका’ हेच घरातील मुख्य वाक्य ठरते. आईही कुठे पॅकिंगच्या कामाला, कुठे रुग्णालयात, कुठे कार्यालयात जाते. आजी-आजोबा गावी राहिलेले असतात. अशा घरात पडद्याने मुलाला सांभाळावे, ही पालकांची अडचण आहे; तिला आळस म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु मुलाचा प्रश्न ऐकायला घरात कोणी नाही, ही स्थिती गरिबीपेक्षा कमी गंभीर नव्हे. शैक्षणिक चित्रवाणीचा इतिहास या एका मुद्द्यावर फार काही शिकवून जातो.

उपग्रहापासून बालचित्रवाणीपर्यंत

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरील मनोऱ्यामुळे त्याचे कार्यक्रम पुणे परिसरात दिसू लागले. ज्यांच्या घरी संच असे, त्यांच्या ओटीवर साऱ्या आळीची मुले गोळा होत. पाहणे ही त्या काळी सामुदायिक क्रिया होती, आणि त्यामुळे पाहिलेल्याविषयी बोलणे ओघानेच येई.

त्यानंतर देशाने जगाचे लक्ष वेधणारा एक प्रयोग केला. डॉ. विक्रम साराभाई यांच्या दूरदृष्टीतून १९६९ मध्ये अमेरिकेच्या नासा या संस्थेशी करार झाला होता. त्यानुसार ‘एटीएस-६’ हा उपग्रह एका वर्षासाठी भारताच्या उपयोगास मिळाला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात राजस्थान, बिहार, ओरिसा, मध्य प्रदेश, आंध्र प्रदेश आणि कर्नाटक या सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत उपग्रहावरून थेट कार्यक्रम पोहोचविण्यात आले. गावातील शाळेत किंवा पंचायतीत सामूहिक संच ठेवलेला असे आणि बाहेर सुमारे तीन मीटर व्यासाची, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची छत्री उभी असे. सकाळचा वेळ शाळकरी मुलांचा, संध्याकाळचा गावकऱ्यांचा. सुमारे ५० हजार प्राथमिक शिक्षकांना याच मार्गाने विज्ञान शिकविण्याचे प्रशिक्षण देण्यात आले. डॉ. साराभाई हा प्रयोग पाहावयास हयात नव्हते. १९७१ मध्येच त्यांचे निधन झाले होते. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राचे प्रमुख म्हणून ही धुरा प्रा. यश पाल यांनी वाहिली.

या प्रयोगाची पुढे कसोशीने तपासणी झाली. तिचे निष्कर्ष आजही वाचण्यासारखे आहेत. शाळेतील पटसंख्या चित्रवाणीमुळे वाढली नाही की गळती थांबली नाही. परंतु मुलांच्या भाषेत वाढ दिसली आणि इतर साधनांतून माहिती मिळविण्याची त्यांची ओढ वाढल्याचे आढळले. पडदा शाळेची जागा घेऊ शकला नाही. मुलाच्या मनात भूक मात्र निर्माण करू शकला. भूक लागल्यावर ताट कोणी वाढायचे, हा प्रश्न उरलाच.

महाराष्ट्र त्या प्रयोगात नव्हता. आपली पाळी आली ती ‘इन्सॅट-१ बी’ हा उपग्रह ३० ऑगस्ट १९८३ रोजी अवकाशात सोडल्यानंतर. आंध्र प्रदेश, बिहार, गुजरात, ओरिसा, उत्तर प्रदेश आणि महाराष्ट्र या सहा राज्यांत मुलांचे कार्यक्रम तयार करण्यासाठी शैक्षणिक तंत्रविज्ञान संस्था उभारण्याचे ठरले. त्यांपैकी महाराष्ट्राची संस्था १९८४ मध्ये पुण्यात सुरू झाली. तिचे नाव ‘बालचित्रवाणी’. पाठ्यपुस्तके काढणाऱ्या ‘बालभारती’ची ही धाकटी बहीणच म्हणावयाची. पाच ते आठ आणि नऊ ते अकरा अशा दोन वयोगटांसाठी सुमारे वीस-वीस मिनिटांचे कार्यक्रम दूरदर्शनवरून दाखविले जात. गोष्टी, गाणी, बाहुल्या, साधे प्रयोग, नदी-डोंगर, पक्षी-प्राणी, हिशेबाच्या गमती असा त्यांचा संसार होता. आज चाळिशीत असलेल्या पुष्कळ मराठी माणसांना त्या कार्यक्रमाच्या शीर्षकगीताची चाल अजून पाठ आहे.

वीस मिनिटांत कोणतेही मूल भूगोल किंवा गणित शिकून तयार होत नाही, हे त्या संस्थेतील शिक्षकांना आपल्याहून अधिक चांगले ठाऊक असणार. परंतु वीस मिनिटांत एक प्रश्न निश्चित पडू शकतो. पडदा बंद झाल्यावर तो प्रश्न घेऊन मूल आईकडे, गुरुजींकडे किंवा आजोबांकडे गेले, तरच कार्यक्रमाचा उत्तरार्ध सुरू होतो. पूर्वार्ध पुण्याच्या कलागृहात तयार होई. उत्तरार्ध प्रत्येक घराने करायचा होता.

प्रश्नाची परंपरा

ही कल्पना आपल्या मातीला परकी नाही. वेताळपंचविशीतील वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटी राजा विक्रमाला कोड्यात टाकतो. त्या कथांवरची मालिका १९८५ मध्ये दूरदर्शनवर आली, तेव्हा ज्या घरांत विक्रमाच्या उत्तराआधी मुलांना ‘तुला काय वाटते?’ असे विचारले गेले, त्या घरांत मालिकेचे मोल दुप्पट झाले.

मुंबई दूरदर्शनचा ‘ज्ञानदीप’ हा कार्यक्रम याचे आणखी मोठे उदाहरण होय. निर्माते आकाशानंद यांनी तो केवळ पाहण्यापुरता ठेवला नाही. गावोगावी ‘ज्ञानदीप मंडळे’ स्थापन झाली. लोक एकत्र बसून पाहत, पाहिलेल्यावर बोलत आणि त्यातून आपल्या गावात काही करून दाखवीत. कार्यक्रम प्रौढांचा होता, पण त्याचे सूत्र मुलांच्या कार्यक्रमालाही लागू पडते: पडद्यासमोर जमलेली माणसे एकमेकांकडे तोंड करून बसली, म्हणजे ज्ञानाचा दिवा लागतो.

परदेशातील अनुभव याहून वेगळा नाही. अमेरिकेत १० नोव्हेंबर १९६९ रोजी ‘सेसमी स्ट्रीट’ ही लहान मुलांची मालिका सुरू झाली. जोन गँझ कूनी आणि लॉइड मॉरिसेट यांनी ती विशेषतः गरीब घरांतील, शाळेत जाण्याआधीच मागे पडणाऱ्या मुलांसाठी योजली होती. आरंभीच्या वर्षांतच तिची शास्त्रशुद्ध पाहणी झाली. ज्या मुलांनी अधिक पाहिले ती अधिक शिकली, हे अपेक्षितच होते. परंतु ज्यांच्या माता मुलांबरोबर बसून पाहत आणि नंतर त्यावर बोलत, ती मुले विशेष पुढे गेल्याचेही आढळले. मोठ्यांनाही गंमत वाटावी म्हणून त्या मालिकेत प्रसिद्ध गायक-नटांना मुद्दाम बोलावीत. आई-वडिलांना त्याच बाकावर आणून बसविणे, हा त्यामागील हेतू होता. या मालिकेचे भारतीय रूप ‘गली गली सिम सिम’ २००६ मध्ये आपल्याकडे आले.

प्रा. यश पाल यांचे नाव वर आलेच आहे. पुढे दूरदर्शनवरील ‘टर्निंग पॉइंट’ या विज्ञानविषयक कार्यक्रमात देशभरातील प्रेक्षकांच्या प्रश्नांना उत्तरे देणारे पांढऱ्या केसांचे प्राध्यापक म्हणून ते घराघरांत पोहोचले. २४ ऑक्टोबर १९९५ रोजी, ऐन दिवाळीच्या दिवसांत, सूर्यग्रहण झाले. उत्तर भारताच्या काही भागांत ते खग्रास होते, आपल्याकडे खंडग्रास. ग्रहणात दारे-खिडक्या लावून बसणाऱ्या देशाला त्यांनी दूरदर्शनवरून ते थेट समजावून दिले. त्या सकाळी किती आज्यांनी आणि नातवंडांनी एकाच पडद्यासमोर बसून परस्परांशी वाद घातला असेल! आजीच्या श्रद्धेचा उपमर्द न करता नातवाची जिज्ञासा तृप्त करणे, ही त्या निवेदनाची खरी किमया होती.

पुण्याच्या ‘आयुका’चे संस्थापक संचालक डॉ. जयंत नारळीकर यांची एक पद्धत प्रसिद्ध आहे. मुले स्वाक्षरी मागावयास आली की ते सांगत, स्वाक्षरीऐवजी पोस्टकार्डावर मला विज्ञानाचा एखादा प्रश्न लिहून पाठव. उत्तर पाठवीन आणि त्याखाली सही असेलच. २० मे २०२५ रोजी ते आपल्यातून गेले. एवढ्या व्यग्र शास्त्रज्ञाला मुलाच्या पोस्टकार्डासाठी वेळ होता, हे आपण पालकांनी लक्षात ठेवावे.

ख्रिस्तसभेची शिकवण

ख्रिस्तसभेने या माध्यमाकडे प्रथमपासून गांभीर्याने पाहिले आहे. पोप पायस बारावे यांनी १९५७ मध्ये चित्रपट, नभोवाणी आणि चित्रवाणी या तिन्हींविषयी परिपत्रक काढले. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी सामाजिक संपर्कमाध्यमांविषयीचा आदेश प्रसृत केला. त्यात या साधनांना देवाच्या साहाय्याने माणसाने लावलेल्या अद्भुत शोधांत गणले आहे आणि मुलांच्या बाबतीत पालकांवर जागरूकतेची जबाबदारी टाकली आहे. १९६७ पासून दरवर्षी जागतिक संपर्क दिन पाळला जातो. १९९४ हे आंतरराष्ट्रीय कुटुंब वर्ष होते. त्या वर्षीच्या संदेशासाठी पोप जॉन पॉल दुसरे यांनी ‘चित्रवाणी आणि कुटुंब’ हाच विषय घेतला. चित्रवाणीला मुले सांभाळणारी यांत्रिक दाई करणारे पालक आपली आद्य शिक्षकाची भूमिका सोडून देतात, असा इशारा त्यांनी दिला. त्याचबरोबर काय पाहावे हे आधी ठरवा, पाहिलेल्याची मुलांशी चर्चा करा, स्वतःच्या वागण्याने धडा घालून द्या आणि प्रसंगी संच बंद करा, असा व्यवहार्य सल्लाही दिला. तीस वर्षांहून अधिक काळ लोटला, पेटीची जागा हातातील मोबाइलने घेतली. त्या सल्ल्यातील एकही मुद्दा जुना झालेला नाही.

या शिकवणुकीचे मूळ पवित्र शास्त्रातच आहे. निर्गमाच्या पुस्तकात वल्हांडण सणाचा विधी सांगताना असे गृहीत धरले आहे की, घरातील मूल या विधीचा अर्थ विचारील आणि मग वडिलांनी त्याला मिसर देशातून झालेल्या सुटकेची हकिकत सांगावी. इस्राएलाच्या श्रद्धेचा वारसा मुलाच्या प्रश्नावर उभा आहे. बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या मंदिरात गुरुजनांमध्ये बसून ऐकत होता आणि प्रश्न विचारीत होता, असे लूककृत शुभवर्तमान सांगते. त्याचे उत्तर मरिया आणि योसेफ यांना त्या क्षणी उमगले नाही. तरी मरियेने ते सारे अंतःकरणात जपून ठेवले. मुलाचे बोलणे न समजले तरी जपून ठेवणारी आई, हा नाझरेथच्या घराचा आदर्श आहे. प्रभू येशूने चांगल्या शोमरोन्याचा दाखला सांगून संपविला तोही ऐकणाऱ्याला प्रश्न विचारूनच.

चित्रवाणीची आश्रयदाती म्हणून पोप पायस बारावे यांनी १९५८ मध्ये असिसीच्या संत क्लारा यांचे नाव घोषित केले, हे अनेकांस ठाऊक असेल. नाताळच्या रात्री आजारामुळे त्या मिस्साला जाऊ शकल्या नाहीत. तेव्हा मंदिरातील उपासना त्यांना अंथरुणावरूनच अनुभवास आली, अशी परंपरागत कथा आहे. कथेचा उत्तरार्ध मात्र आपण विसरतो. भगिनी परत आल्या तेव्हा क्लारा यांनी आपल्याला काय लाभले ते त्यांना सांगितले. पाहिलेले त्यांनी स्वतःपाशी ठेवले नाही, ते बोलून सर्वांचे केले.

ओसरलेला प्रवाह

नव्वदच्या दशकाच्या आरंभी उपग्रह वाहिन्या सुरू झाल्या, १९९५ मध्ये व्यंगपट दाखविणारी वाहिनी भारतात आली. मुलांचे लक्ष तिकडे वळले. एकेका घरात दोन-दोन संच आले आणि पुढे प्रत्येकाच्या हातात स्वतंत्र पडदा आला. बालचित्रवाणीला केंद्राकडून मिळणारा निधी आटला, कर्मचाऱ्यांचे वेतन रखडले आणि २०१७ मध्ये राज्य शासनाने संस्था बंद केली. वृत्तपत्रांत काही दिवस हळहळ व्यक्त झाली. एवढ्या मोठ्या मराठी मुलखात मुलांच्या एका संस्थेसाठी रस्त्यावर मोठी गर्दी मात्र उतरली नाही.

नियतीचा खेळ असा की, पुढच्या तीनच वर्षांत त्या संस्थेची उणीव भासली. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीने शाळा बंद झाल्या. ज्यांच्या घरी एकच मोबाइल, तोही वडिलांबरोबर कामावर जाणारा, अशा मुलांचे शिक्षण थांबले. त्या वेळी २० जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने केलेल्या या मालिकेत पहिली ते आठवीच्या प्रत्येक इयत्तेसाठी ६० भाग होते. तिचे वैशिष्ट्य असे की, ती मुलांना पडद्याला चिकटवून ठेवीत नव्हती. घरातील वस्तू घेऊन, आई-बाबांना, भावंडांना आणि शेजाऱ्यांना बरोबर घेऊन करावयाच्या कृती ती सुचवीत असे. संकटकाळात महाराष्ट्राला पुन्हा तेच जुने सूत्र आठवले: पडद्याने सुरुवात करावी, घराने पुढे न्यावे.

आपल्याला काय करता येईल?

इतिहास वाचून सुस्कारा टाकणे सोपे आहे. त्याचा उपयोग उद्याच्या दिवसासाठी झाला पाहिजे. पाळीवर जाणाऱ्या आई-वडिलांवर अशक्य भार टाकण्याचा आमचा विचार नाही. आठवड्यातून एक कार्यक्रम, वीस मिनिटांचा, सर्वांनी मिळून पाहावा. एवढ्याने आरंभ होईल. कोणता पाहावा ते मुलांनी आणि मोठ्यांनी आळीपाळीने ठरवावे. तो संपला की पडदा बंद करावा आणि प्रत्येकाने एक प्रश्न विचारावा. उत्तर येत नसेल तर ‘मला ठाऊक नाही, आपण शोधू या’ असे म्हणण्यात पालकांना कमीपणा वाटू नये. हे वाक्य ऐकलेले मूल दोन गोष्टी शिकते: नम्रता आणि शोध.

ज्या आठवड्यात वडिलांची पाळी जुळत नाही, त्या आठवड्यात मुलाने आपला प्रश्न वहीत लिहून जेवणाच्या डब्याशेजारी ठेवावा. रात्री परतलेल्या बापाने खाली दोन ओळी लिहाव्यात. गावी असलेल्या आजी-आजोबांना दूरध्वनीवरून विचारण्यासाठी एखादा प्रश्न राखून ठेवावा. पिके, पाऊस, नक्षत्रे आणि गावातील जुने दिवस यांविषयी त्यांच्यापाशी जे आहे ते कोणत्याही वाहिनीवर मिळणार नाही. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात शिक्षकांनी मुलांना, ‘या आठवड्यात तुम्हांला कोणता प्रश्न पडला?’ असे विचारावे, आणि धर्मग्रामाच्या सभागृहात महिन्यातून एकदा चार घरे एकत्र बसून काही पाहतील, त्यावर बोलतील, अशी सोय करावी. ज्ञानदीप मंडळे खेड्यापाड्यांत चालली, तर ती आपल्या मंदिरांच्या अंगणात चालू नयेत असे कोणतेही कारण नाही.

बालचित्रवाणीची दारे बंद झाली, हे खरे. तिचा पूर्वार्ध शासनाच्या हाती होता, तो शासनाने थांबविला. उत्तरार्ध मात्र कधीच शासनाच्या हाती नव्हता. तो तळवड्यातील दोन खोल्यांच्या घरात, रात्रीच्या जेवणानंतरच्या पंधरा मिनिटांत, आई-बापांच्या हाती आजही आहे. देवाने आपल्या स्वाधीन केलेली मुले प्रश्न विचारीत आहेत, तोवर त्यांना उत्तर देण्याइतके आपण घरात असावे, एवढीच प्रार्थना.